स्क्रिप्ट बंद होताना साफसफाई कोण करणार? एक्झिट आणि सिग्नलमधला फरक

बिलाच्या स्क्रिप्टवरच्या व्हिडिओत एक गोष्ट राहून गेली, ती इथे लिहितो.

अकोल्यातल्या एका दूध संकलन केंद्राला मी पायथॉनमध्ये स्क्रिप्ट करून दिली होती. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ वाचायचं आणि दहा दिवसांचं बिल काढायचं. एकाच वेळी दोनदा बिल निघू नये म्हणून सुरुवातीला ती एक लॉक फाइल बनवायची आणि संपताना पुसायची. पुसण्याचं काम मी 'ॲटएक्झिट'कडे दिलं. कंट्रोल-सी दाबून तीनदा चाचणी केली, तिन्ही वेळा फाइल पुसली गेली. मी खूश.

पावसाळ्यात एका संध्याकाळी लाईट गेली. यूपीएस संपत आला म्हणून तिथल्या मुलाने कॉम्प्युटर नीट शटडाउन केला. सकाळी स्क्रिप्ट म्हणते, 'बिल आधीच चालू आहे.' लॉक फाइल तिथेच! बाहेर शेतकरी पेमेंटसाठी उभे आणि मी फोनवर. त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं, माझी चाचणीच अर्धी होती.

झालं असं. कंट्रोल-सी दाबलं की 'सिगइंट' हा सिग्नल येतो. पायथॉन त्याची एरर बनवतं, प्रोग्राम स्वतःच्या पायांनी बाहेर पडतो, म्हणून ॲटएक्झिट चालतं. शटडाउनला किंवा सर्व्हिस थांबवताना येतो तो 'सिगटर्म', नंबर 15. त्याच्यासाठी तुम्ही काही लिहिलं नसेल, तर प्रोग्राम जागीच संपतो. ॲटएक्झिट नाही, 'फायनली' पण नाही. स्वतः दुकान वाढवलं तर माणूस गल्ला मोजून कुलूप लावतो. भर धंद्यात कोणी हाताला धरून बाहेर काढलं तर गल्ला तसाच राहतो.

उपाय दोन ओळींचा आहे. सिगटर्मसाठी हँडलर लावा आणि त्यात फक्त 'सिस डॉट एक्झिट' करा. सिग्नलचं एक्झिट झालं की पुढची साफसफाई नेहमीच्या वाटेने होते. हँडलरमध्येच फाइली पुसत बसू नका, कारण तो कोणत्याही ओळीच्या मध्ये घुसू शकतो. बिल अर्धं लिहिलेलं असतानाही.

शेल स्क्रिप्टवाल्यांनो, बॅशमध्ये 'ट्रॅप'ला एक्झिट दिलं की कंट्रोल-सी आणि सिगटर्म दोन्हीला ते चालतं. पण उबुंटूवर पहिल्या ओळीत साधं 'एसएच' लिहिलं असेल तर चालतं ते डॅश, आणि तिथे सिग्नलने मेलेली स्क्रिप्ट एक्झिटचा ट्रॅप चालवत नाही.

आता खरी अडचण. 'सिगकिल', म्हणजे नंबर 9, कोणालाच पकडता येत नाही. सिस्टमडी सिगटर्म देऊन सहसा 90 सेकंद थांबतं आणि मग हाच देतं. आणि यूपीएसच बसला तर सिग्नलसुद्धा येत नाही. म्हणून मी लॉकची पद्धतच बदलली. आता फाइल असण्या-नसण्यावर काही नाही. 'एफलॉक'ने कुलूप लागतं आणि प्रोग्राम कसाही मेला तरी कर्नल ते सोडतो. बिल आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचं, डिस्कवर पक्कं उतरवायचं आणि पूर्ण झालं की 'रिप्लेस'ने खऱ्या नावावर आणायचं.

तुमच्या स्क्रिप्टची चाचणी घेताना कंट्रोल-सी, मग किल 15, मग किल 9 द्या. प्रत्येक वेळी लगेच पुन्हा सुरू करून बघा. अडकली तर कोणत्या पायरीवर अडकली ते कमेंटमध्ये लिहा.