जळालेली तार आणि मी शिकवलेला धडा

पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाला स्वतःच्या विषयात नापास व्हावे लागले तर कसे वाटते, याचा अनुभव मला गेल्या वर्षी जुलै महिन्यात आला. तो अनुभव येथे सांगत आहे, कारण त्यात फजिती आहे तसा अभ्यासही आहे.

माझी मोटार लहान, जुनी, 1997 सालची. तिच्यात वातानुकूलन नाही, पण हीटर आहे. हीटर म्हणजे काही निराळी शेगडी नव्हे. इंजिन थंड ठेवण्यासाठी फिरणारे गरम पाणी एका छोट्या रेडिएटरमधून जाते आणि विजेचा पंखा, म्हणजे ब्लोअर, त्यावरून हवा ढकलतो. आपल्या बेळगावात थंडीसाठी त्याचा उपयोग चार दिवसांचा. पण पावसाळ्यात तो फार मोलाचा. गाडीत बसलेल्यांच्या श्वासातील बाष्प थंड काचेवर साचते आणि समोरचे दिसेनासे होते. गरम हवा काचेवर सोडली की काचेचे तापमान दवबिंदूच्या वर जाते व काच स्वच्छ होते.

त्या दिवशी पत्नी, मुलगी आणि मी जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाटातून गोव्यास निघालो होतो. पाऊस कोसळत होता, धुकेही होते. घाटाच्या वळणावर ब्लोअर एकाएकी बंद पडला आणि प्लॅस्टिक जळाल्याचा उग्र वास आला. दोन मिनिटांत काच पांढरी झाली. समोरून ट्रक येत होता. त्याचे दिवे दिसत होते, पण रस्त्याची कड दिसत नव्हती. मुलगी मागून ओरडली, “बाबा, धूर!” मी गाडी कशीबशी कडेला घेतली, इंजिन बंद केले, सर्वांना खाली उतरवले आणि बॅटरीची तार सोडली. धूर थांबला. पुढचा प्रवास आम्ही खिडक्या उघड्या ठेवून, फडक्याने काच पुसत, भिजत केला.

परत आल्यावर गाडी एका ओळखीच्या मोटार-वायरमनकडे नेली. त्याने डॅशबोर्डखाली डोके घातले, फ्यूज उपसून माझ्यासमोर धरला आणि विचारले, “हे फ्यूज कोण घातलंय ओ सर?”

फ्यूज 30 अँपिअरचा होता. तेथे 15 चा हवा. तो मीच घातला होता. वर्षभरापूर्वी 15 चा फ्यूज तीनदा उडाला, चौथ्यांदा कंटाळून मी हाताशी असलेला मोठा बसवला आणि “चालला!” म्हणून खूश झालो. दरवर्षी वर्गात फळ्यावर मी लिहितो : ‘वितळतार ही मंडलाचे रक्षण करते.’ फळा पुसला की ते वाक्यही पुसले जात होते, असेच म्हणायचे.

दुरुस्ती मी वायरमनच्या मदतीने स्वतःच करायची ठरवली. आधी बॅटरीची ऋण तार काढली. ऋणच आधी का? गाडीचा सारा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक सोडताना पाना पत्र्याला टेकला तर लघुमंडल होऊन मोठी ठिणगी पडते. ऋण टोक सोडताना पाना टेकला तरी काही होत नाही.

मग दोषाचा माग काढला. या पंख्याला चार गती आहेत. पहिल्या तीन गतींसाठी मोटारीशी एकसरीत रोधाची वेटोळी येतात. चौथ्या गतीला एकही नाही, पूर्ण विभवांतर मोटारीला मिळते. माझा पंखा कित्येक महिने फक्त चौथ्या गतीवर चालत होता. याचा अर्थ मोटार जिवंत होती आणि वेटोळे तुटले होते. ही वेटोळी मुद्दाम हवेच्या मार्गात बसवलेली असतात, म्हणजे पंख्याच्याच वाऱ्याने ती थंड राहतात. माझ्या गाडीत काचेखालच्या जाळीतून आत गेलेला गुलमोहराचा पाला तेथे साचला होता. वारा कमी, म्हणून वेटोळे तापले आणि तुटले.

मोटार बाहेर काढून हाताने फिरवली तर ती जड फिरत होती. बुश कोरडे पडले होते, कार्बन झिजले होते. प्रयोगशाळेतला अँमीटर लावून बॅटरीवर चालवली; प्रवाह 16 अँपिअर! बुशला तेलाचे दोन थेंब दिले, आतील धूळ काढली, नवे कार्बन बसवले. प्रवाह 9 अँपिअरवर आला. कारण तुम्हांस ठाऊक आहे. फिरणाऱ्या मोटारीत उलट दिशेचे विद्युत्चालक बल निर्माण होते व ते प्रवाहास आवरते. मोटार मंद फिरली की हे बल घटते आणि प्रवाह वाढतो. तेव्हा 15 चा फ्यूज तीनदा उडाला तो खोडसाळपणाने नव्हे. तो मला सांगत होता की मोटार आजारी आहे. मी निरोप्यालाच बदलले.

पण तार जळाली ती नेमकी जोडाजवळ, सबंध लांबीवर नव्हे. असे का? वायरमनने जळका जोड बोटांत धरून एका कानडी शब्दात उत्तर दिले : “सडिल.” म्हणजे सैल. पितळी पात्याची पकड वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी ढिली झाली होती. त्याच मार्गावरचा दुसरा एक जोड तपकिरी झाला होता, पण शाबूत होता. दुरुस्त मोटार 9 अँपिअरवर चालवून मी त्या जोडाच्या दोन्ही बाजूंस व्होल्टमीटर लावला. 0.9 व्होल्ट! ओहमच्या नियमाने रोध 0.1 ओहम. आता जूलचा नियम लावा : 9 चा वर्ग 81, गुणिले 0.1, म्हणजे सुमारे 8 वॅट. आणि प्रवाह 16 असताना? 256 गुणिले 0.1, म्हणजे 25 वॅटहून थोडे अधिक. आपल्या प्रयोगशाळेतील डाग देण्याची इस्त्री 25 वॅटची आहे. बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या जोडात मी तशी एक इस्त्री कोंडून फिरत होतो.

याउलट 2.5 चौरस मिलिमीटर जाडीच्या, दोन मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध जेमतेम 0.014 ओहम, 9 अँपिअरला सव्वा वॅटही होत नाही, आणि तीही उष्णता दोन मीटरभर पसरलेली.

येथे एक मुद्दा ध्यानात ठेवावा. सैल जोडाने प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. म्हणून तापलेला जोड फ्यूजला कधीच दिसत नाही. साध्या ओहममीटरलाही तो नीट कळत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध तेवढाच असतो. प्रवाह चालू ठेवून विभवांतर मोजणे हाच मार्ग.

शेवटी जळकी तार कापली. वरून चांगली दिसणारी तारही आत काळी पडली होती; काळ्या तांब्याला डाग धरत नाही. म्हणून लखलखीत तांबे लागेपर्यंत मागे कापत गेलो. तेवढ्याच जाडीची नवी तार जोडली, नवी पाती दाबयंत्राने घट्ट बसवली, तपकिरी जोडही बदलला, वेटोळ्याचा नवा संच लावला, पाला काढला आणि 15 चा फ्यूज घातला. नव्या जोडावर विभवांतर भरले 0.05 व्होल्ट.

ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा त्याच घाटातून गेलो. पाऊस तसाच होता. दुसऱ्या गतीवरच काच स्वच्छ राहिली. मुलगी मात्र साखळी येईपर्यंत नाकाने वास घेत बसली होती. तिचा विश्वास परत यायला वेळ लागेल, आणि ते योग्यच आहे.

तो 30 अँपिअरचा फ्यूज आणि जळका जोड मी प्रयोगशाळेच्या खणात ठेवले आहेत. वितळतारेचा धडा आला की ते वर्गात फिरवतो आणि फ्यूज कोणी घातला होता तेही सांगतो. तुमच्या घरचा फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा शोधायला जाऊ नका. तो का उडतो ते शोधा.