समुद्राकडे तोंड करून स्वयंपाक करू नये

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, वालेन्सिया आणि आलिकांते या दोन शहरांच्या मधे हाविया हे गाव आहे. एका अंगाला मोंगो डोंगर, दुसऱ्या अंगाला भूमध्य समुद्र. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो आणि पुढे इथेच घर घेतलं. घराबरोबर अंगणातलं तयार स्वयंपाकघरही मिळालं, आधीच्या मालकाने हौसेने बांधून घेतलेलं. गच्चीच्या समुद्राकडच्या कडेला काळ्या ग्रॅनाइटचा लांब ओटा, त्यात बसवलेली गॅसची ग्रिल, शेजारी सिंक, खाली छोटा फ्रिज. ओट्याशी उभं राहिलं की समोर निळं पाणी आणि पाठीशी घर. जाहिरातीतल्या फोटोत हेच असतं. मासे घरात तळले की वास दोन दिवस पडद्यांतून जात नाही, त्यामुळे मला तर ते वरदानच वाटलं होतं. काही उन्हाळ्यांतच ते सगळं मोडीत काढून नवं बांधावं लागलं. या किनाऱ्यावर घर घेणारे, भाड्याने देण्यासाठी घर सजवणारे ओळखीचे लोक मला आता विचारतात की बाहेरचं स्वयंपाकघर कसं करू. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी वारा. उन्हाळ्यात दुपारपर्यंत जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येऊ लागतो. स्पेनमध्ये जेवायची वेळ दुपारी दोन-तीनची, म्हणजे ग्रिल पेटते तेव्हाच हा वारा भरात असतो. आमचा स्वयंपाक करणारा माणूस समुद्राकडे तोंड करून उभा. धूर आधी त्याच्या डोळ्यांत, तिथून थेट बैठकीच्या खोलीत. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण झाकणाच्या ग्रिलला गरम हवा बाहेर जायला मागच्या बाजूने फट ठेवलेली असते. वारा मागून आला की ती हवा बाहेर पडत नाही, उलटी पुढे ढकलली जाते आणि पुढच्या पट्टीवरच्या बटणांपर्यंत पोचते. पूर्वेचा जोरदार वारा, ज्याला इथे लेवान्ते म्हणतात, तो सुटला होता त्या एका दुपारी आमच्या ग्रिलची दोन बटणं मऊ होऊन वाकली. ग्रिलबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत वाऱ्याच्या दिशेबद्दल स्पष्ट लिहिलेलं होतं. ती बसवणाऱ्या कारागिराने वाचली नव्हती आणि विकणाऱ्याने समुद्राचा देखावा विकला होता.

मग वारा ग्रिलच्या समोरून, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याच्या पाठीवरून यावा का? दिवसा चालेल, पण रात्री उलटं होतं. जमीन निवते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागतो. इथलं रात्रीचं जेवण नऊ-दहाला असतं. म्हणून मला पटलेलं उत्तर असं: ओटा किनाऱ्याला काटकोनात, घराच्या बाजूला घ्यावा, म्हणजे वारा दिवसा एका कुशीवरून आणि रात्री दुसऱ्या कुशीवरून जाईल. समुद्राच्या बाजूला छातीएवढी भिंत घालावी. देखावा जेवणाऱ्यांना द्यावा. शेजारच्या आजी मला म्हणाल्या, “पोरी, समुद्र बसून बघायचा असतो, रांधताना विस्तव बघ.” त्यांच्या अंगणात जुना पायेयेरो आहे. पायेया शिजवायची ही बाहेरची खोली वालेन्सिया भागात गावोगावी दिसते: तीन बाजूंनी भिंती, वर छप्पर, रुंद धुराडं आणि खाली संत्र्याच्या लाकडांचा जाळ. पायेयाची कढई पसरट असते, तिला सगळीकडे सारखी आच लागते, आणि वारा लागला की एका बाजूचा भात करपतो, दुसऱ्या बाजूचा कच्चा राहतो. त्या भिंती तेवढ्यासाठी आहेत. याच भागातल्या जुन्या शेतघरांना रिउराऊ नावाची कमानींची पडवी असते, द्राक्षांच्या बेदाण्यांना दव आणि पाऊस लागू नये म्हणून बांधलेली. सल्लागाराला पैसे देण्यापूर्वी अशी दोन-चार जुनी घरं हिंडून पाहावीत. बांधणाऱ्यांनी कुठली बाजू उघडी ठेवली आणि कुठली बंद केली, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

आता लोखंडाचं. खारा वारा मला नवा नव्हता, मी गुहागरची. आमच्याकडे पत्रे, बिजागऱ्या, खिडक्यांचे गज गंजतात ते मुख्यतः पावसाळ्यात, म्हणून कोरडा उन्हाळा म्हणजे लोखंडाला विश्रांती असा माझा समज. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत गणित वेगळं आहे. त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, तो शाबूत असेतो आतलं लोखंड सुरक्षित. मिठातला क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी फोडतो आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. पावसाने मीठ धुऊन गेलं तर स्टील तरून जातं. इथे ऐन उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच. मीठ दिवसा वाळतं, रात्री हवेतला ओलावा ओढून पुन्हा पाझरतं, त्यावर दुसऱ्या दिवशी आणखी मीठ बसतं. यातला सगळ्यात चकवणारा भाग असा की उघड्यावरच्या स्टीलपेक्षा छपराखालचं स्टील आधी बिघडतं, कारण त्याला चुकून पडलेली सरही लागत नाही. आमच्या ओट्याखालची दारं पहिल्याच उन्हाळ्यात चहाच्या डागांसारखी तपकिरी दिसू लागली. आधी वाटलं मसाल्याचे डाग आहेत.

दुकानात स्वयंपाकघराचं स्टील म्हणून जे मिळतं ते बहुधा ३०४ जातीचं असतं, सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं. घराच्या आत ते उत्तम. समुद्रकाठी उघड्यावर ३१६ मागावं. त्यात २ ते ३ टक्के मोलिब्डेनम असतं आणि मिठापुढे तेच तग धरतं. चुंबक लावून बघण्याचा सल्ला बरेच जण देतात. चुंबकाने ४३० सारखं स्वस्त स्टील ओळखू येतं, पण ३०४ आणि ३१६ यांतला फरक कळत नाही, दोन्हींना तो जेमतेम चिकटतो किंवा चिकटतच नाही. दुसरी गोष्ट स्क्रूची. पत्रा ३१६ चा आणि स्क्रू साध्या जस्ताच्या मुलाम्याचे, असं सर्रास होतं. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांतला हलका धातू झपाट्याने झिजतो, आणि स्क्रू एवढासा व पत्रा एवढा मोठा असला की फारच झपाट्याने. स्क्रूच्या डोक्यावर बारीक अक्षरं असतात: ए२ म्हणजे ३०४ च्या जवळपासचा, ए४ म्हणजे ३१६ च्या जवळपासचा. चष्मा लावून ती वाचावीत. आणि घासलेल्या, रेघारेघांच्या पृष्ठभागापेक्षा गुळगुळीत पृष्ठभाग घ्यावा, कारण रेघांत मीठ बसून राहतं.

३१६ घेतलं म्हणजे काम संपलं असं नाही. उन्हाळ्यात निदान आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन फडक्याने पुसावं लागतं. पुसणं महत्त्वाचं, कारण इथलं पाणी जड आहे आणि तसंच वाळू दिलं तर पांढरे चट्टे राहतात. लोखंडी काथ्या वापरू नये. क्लोरीनचं ब्लीच तर ओट्याच्या आसपासही आणू नये.

एक धोका बांधकामाच्या वेळचाच आहे. फरशी बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला इथले गवंडी साल्फुमान वापरतात, म्हणजे मिठाचं आम्ल, हायड्रोक्लोरिक ॲसिड. त्याची नुसती वाफ लागली तरी नवं कोरं स्टील डागाळतं. दुसऱ्या खेपेला बांधताना मी गवंड्याला आधीच बजावून ठेवलं होतं की आम्लाने फरशी धुऊन, भरपूर पाणी मारून, सगळं वाळल्याशिवाय ग्रिलचं खोकं उघडायचं नाही. तो हसला, पण त्याने ऐकलं.

ओट्याच्या दगडाबद्दल थोडक्यात. काळा ग्रॅनाइट टिकाऊ आहे, पण जुलैच्या दुपारी त्यावर हात टेकवत नाही आणि कापून ठेवलेला टोमॅटो शिजायला लागतो. फिक्या रंगाचा ग्रॅनाइट किंवा भट्टीत भाजून केलेली सिंटर्ड स्लॅब घ्यावी. संगमरवर आणि चुनखडीचा दगड लिंबाने व व्हिनेगरने खाल्ले जातात, आणि इथे प्रत्येक माशावर लिंबू पिळलं जातं. कृत्रिम क्वार्ट्झ घरात छान दिसतो, पण त्यातलं रेझीन उन्हाने पिवळं पडतं. हावियाचा मधाच्या रंगाचा तोस्का दगड मला फार आवडतो, गावातलं जुनं चर्च त्याचंच आहे. पण तो सच्छिद्र आहे. भिंतीला लावा, ओट्याला नको, नाहीतर पहिल्या फोडणीचं तेल कायमचं दगडात मुरेल.

गॅसचे नारिंगी सिलिंडर इथे घरोघरी दिसतात, १२.५ किलो ब्यूटेनचे. ब्यूटेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला हवेचे झरोके तळाशी असावेत. आमच्या जुन्या ओट्याला ते वरच्या बाजूला होते, म्हणजे असून नसल्यासारखे. हिवाळ्यात थंड सकाळी ब्यूटेन नीट येत नाही, शून्य अंशाच्या आसपास त्याची वाफ होणंच थांबतं. बारा महिने बाहेर रांधायचं असेल तर प्रोपेन घ्यावा. त्याचा रेग्युलेटर वेगळा असतो. रबरी नळीवर छापलेली तारीख उलटून गेली असेल तर नळी बदलावी, नळी धडधाकट दिसत असली तरी.

आग या विषयावर मात्र मी लांबण लावणार आहे, कारण नव्याने येणारे लोक इथेच बेफिकीर असतात. २०१४ साली मोंगोवर आणि २०१६ च्या सप्टेंबरमध्ये हाविया व बेनिताचेलच्या हद्दीत मोठ्या आगी लागल्या. दुसऱ्या आगीत लोकांना घरं सोडून निघावं लागलं. घरांच्या मधेमधे वाढलेली पाईनची झाडं राळेने भरलेली असतात आणि पश्चिमेचा कोरडा, तापलेला पोनियेन्ते वारा सुटला की एक ठिणगी पुरते. वालेन्सिया स्वायत्त प्रदेशात रोज आगीच्या धोक्याची पातळी जाहीर होते, एक ते तीन. तिसरी पातळी असेल त्या दिवशी जंगलालगत चूल पेटवता येत नाही, मग पाहुणे विमानतळावर उतरलेले का असेनात. लाकडाच्या चुलीच्या धुराड्यावर ठिणग्या अडवणारी बारीक जाळी हवी. चुलीवर झाडाची फांदी नको, वेलीचा मांडवही नको. बोगनवेल फोटोत सुंदर दिसते, पण तिची वाळलेली फुलं कागदासारखी पेटतात. द्राक्षाच्या मांडवाखाली ऑगस्टमध्ये गांधीलमाश्या जेवायला येतात, त्या वेगळ्याच. नळ चुलीपासून चार पावलांवर असावा आणि त्याला पाइप कायमचा जोडलेला असावा.

परवानगीबद्दल दलाल तोंडभरून आश्वासन देतात, त्यावर विसंबू नये. स्पेनच्या १९८८ च्या किनारा कायद्याप्रमाणे किनाऱ्याच्या हद्दीपासून आत १०० मीटरपर्यंत संरक्षित पट्टा असतो. तेव्हाच शहरी ठरलेल्या जमिनीवर तो २० मीटरचा धरतात. त्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत. पट्ट्याबाहेरही शेजाऱ्याच्या कुंपणापासून किती अंतर सोडायचं ते नगरपालिका ठरवते. छप्पर आणि धुराडं असलेली चूल म्हणजे बांधकामच, आधी नगरपालिकेत नकाशा दाखवावा.

उन्हाळाभर पाऊस नाही म्हणून निचऱ्याकडे दुर्लक्ष होतं. शरद ऋतूत इथे पाऊस कोसळतो तेव्हा तो कोकणालाही लाजवतो. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी वालेन्सियाजवळच्या तुरीस इथे एका दिवसात ७७० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. फरशीला घरापासून दूर जाणारा उतार द्या, विजेचे सॉकेट ओट्याच्या वर घ्या, ते पाणी व धूळ न शिरणारे असावेत, आणि त्या वायरीला गळती पकडून वीज तोडणारा स्विच वेगळा बसवा. सिंकचं खरकटं पाणी पावसाच्या गटारात न सोडता मैल्याच्या लाइनला जोडा.

फ्रिज बाहेर ठेवू नये या मताची मी झाले आहे. नेहमीचे बरेचसे फ्रिज ३२ किंवा ३८ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. उन्हातल्या बंद कप्प्यात पारा त्याच्या पुष्कळ वर जातो, आणि मागची जाळी मिठाने खाल्ली जाते ती निराळीच. चार पावलं चालून आतल्या फ्रिजमधून मासे आणावेत.

अलिबाग, गोवा इकडे हल्ली याच धर्तीची स्वयंपाकघरं बांधतात असं ऐकते. स्टील आणि स्क्रू यांबद्दल लिहिलेलं तिथेही लागू आहे. छपराचं मात्र नाही: चार महिन्यांच्या पावसाला उघडी कमान आणि बांबूचा मांडव पुरणार नाही, तिथे आपली उतरती पडवीच हवी.

शेवटी पैशांचा क्रम सांगते. पहिल्यांदा जागा आणि भिंत, मग निचरा व वायरिंग, मग स्टील, आणि दगड व दिवे सगळ्यात शेवटी. दुकानदार हा क्रम उलटा लावतो, कारण दगड आणि दिवे डोळ्यांना दिसतात. त्याच्याकडून बिलावर पत्रा ३१६ चा आणि स्क्रू ए४ चे असं लिहून घ्या, आणि ते लिहून मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.