नळदुर्गचा हिवाळा

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यात बोरी नदीच्या काठी नळदुर्गचा किल्ला उभा आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, इ. स. १६१३ मध्ये, या नदीवर दगडी बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधण्यात आला. पावसाळ्यात बांधावरून ‘नर’ व ‘मादी’ हे दोन धबधबे कोसळू लागले, की ते पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. वैशाखात मात्र सारे पालटते. धबधबे आटतात, माळावरचे गवत करपते, काळ्या जमिनीला भेगा पडतात. गुलमोहर तेवढा लाल फुलांनी बहरलेला दिसतो.

समजा, मे महिन्यातील एका भर दुपारी कोणी या परिसराचे छायाचित्र घेतले. त्याच चित्रात हिवाळा दाखवता येईल काय?

पूर्वी छायाचित्रकार कुंचल्याने फोटोवर रंग भरीत असत. आता ते काम संगणकावर होते. थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन बंधूंनी रचलेली ‘फोटोशॉप’ ही संगणकप्रणाली इ. स. १९९० मध्ये बाजारात आली. पुढे अशा अनेक प्रणाली निघाल्या. संगणकातील चित्र म्हणजे लक्षावधी बारीक ठिपक्यांची मांडणी होय. प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा आणि निळा या तीन रंगांचे तीन आकडे असतात. ते बहुधा ० पासून २५५ पर्यंतचे असतात. आकडे बदलले, की रंग बदलतो.

प्रथम मूळ चित्राची प्रत काढून घ्यावी व सर्व फेरफार प्रतीवरच करावेत. मग पिवळ्या-तांबूस छटा थोड्या कमी करून निळी छटा किंचित वाढवावी. उन्हाची धग ओसरल्यासारखी वाटते. गुलमोहराची फुले पुसून तेथे पाने व शेंगा दाखवाव्यात. ओसाड रानाच्या जागी शाळू, हरभरा आणि करडईची उभी पिके हवीत; ती हिवाळ्यात घेतलेल्या दुसऱ्या चित्रातून उचलून निराळ्या थरावर ठेवता येतात. काचेवर काच ठेवावी, तसे हे थर एकमेकांवर बसतात.

एवढे करूनही एक साक्षीदार उरतो. तो म्हणजे सावली! मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नळदुर्ग येथे मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो; त्यामुळे सावली पायाशी गोळा होते. २२ डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेकडे कललेला असतो आणि दहा फूट उंच खांबाची मध्यान्हीची सावली सुमारे पावणेनऊ फूट लांब, उत्तरेकडे पडते. सावल्या लांबवल्या नाहीत, तर जाणत्याला खरा महिना तत्काळ कळतो.

कित्येक जण हिवाळा म्हटला, की चित्रावर बर्फ पसरतात. काश्मीरच्या देखाव्याला ते शोभेल; नळदुर्गच्या माळाला कसे शोभणार? संगणकाला आकडे कळतात, ऋतू कळत नाहीत. शाळू कधी डोलतो, करडई कधी फुलते, हे ज्याने शिवारात हिंडून पाहिले आहे, त्यालाच येथील हिवाळा चितारता येतो.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. मराठवाड्यात दुष्काळ वारंवार पडतो. इ. स. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी घेतलेले कोरड्या नदीचे चित्र म्हणजे पुढील पिढ्यांसाठी पुरावाच होय. त्यात कोणी हिरवी पिके घालून ते खरे म्हणून दाखवले, तर लोकांनी सोसलेली तहानच पुसली जाईल. म्हणून बदललेल्या चित्राखाली ‘हे चित्र पालटलेले आहे’ असे स्पष्ट लिहावे आणि मूळ चित्र जपून ठेवावे. मग पहिले चित्र माहिती देईल, दुसरे आनंद देईल, आणि कोणाचीही फसवणूक होणार नाही.

स्वाध्याय

१. सावलीला ‘साक्षीदार’ का म्हटले आहे?
२. मूळ चित्र जपून ठेवणे का आवश्यक आहे?
३. अंगणात एक काठी रोवून दर महिन्याला तिची मध्यान्हीची सावली मोजा व वहीत नोंदवा.