न थांबणारे रक्त

गवत कापताना विळा बोटाला लागला, तर आपण काय करतो? बोट दाबून धरतो. वर चिंधी बांधतो. थोड्या वेळाने रक्त थांबते आणि आपण पुन्हा कामाला लागतो. रक्त का थांबले, याचा विचार कोणी करीत नाही.

पण काही माणसांचे रक्त असे लवकर थांबत नाही. काही माणसांचे रक्त उलट नको तेथे घट्ट होते. या दोन्ही प्रकारच्या रोग्यांवर उपचार करणारे डॉक्टर मोठ्या इस्पितळांत असतात. त्यांचे काम कसे चालते, ते या धड्यात वाचू. त्यासाठी एका घराची गोष्ट ऐका.

सुजलेला गुडघा

एका खेड्यात नवरा, बायको, सासू आणि पाच वर्षांचा मुलगा असे कुटुंब होते. मुलगा रांगायला लागला तेव्हापासून त्याच्या अंगावर काळेनिळे डाग उठत. कोणी म्हणे, बाहेरची बाधा आहे. कोणी म्हणे, आई पोराला मारते. आई बिचारी मुकाट्याने ऐकून घेई.

एके दिवशी मुलगा ओट्यावरून पडला. जखम काही दिसेना. पण रात्री गुडघा नारळाएवढा सुजला. पोर रडून रडून थकले. सकाळी गावातल्या एका माणसाने तेल लावून गुडघा जोराने चोळला. सूज उतरली नाही, उलट वाढली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी मुलाला पाहिले. ते म्हणाले, "हा नुसता मार नव्हे. याला पुण्याला न्या. तेथे रक्ताच्या रोगांचे डॉक्टर आहेत." दुसऱ्या दिवशी सगळे एस.टी.ने पुण्याला गेले.

आधी प्रश्न, मग औषध

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी गुडघा हलक्या हाताने पाहिला. मग त्यांनी आईला जवळ बसवले.

"ताई, बाळाला पूर्वी असं झालं होतं का?"

"होय बाई. जीभ चावली गेली तेव्हा दोन दिवस रक्त येत होतं."

"तुमच्या माहेरी कुणाला असा त्रास होता? भाऊ, मामा?"

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझा एक भाऊ होता. सहा वर्षांचा असताना त्याचा दात पडला. रक्त थांबलंच नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला."

हे ऐकताच सासू म्हणाली, "बघा! म्हणजे शाप हिच्या माहेरचा हाय. हिनंच तो आमच्या घरात आणला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, शाप की रोग, ते आधी तपासून बघू. मग बोलू."

या डॉक्टरांचे निम्मे काम असे प्रश्न विचारण्याचे असते. रक्त कोठून येते, किती वेळ येते, घरात आणखी कोणाला त्रास आहे, हे सगळे ते लिहून घेतात. रोगाचा माग येथूनच लागतो.

रक्ताची तपासणी

मग मुलाचे थोडे रक्त एका लहान नळीत घेतले. नळीत एक औषध होते. त्यामुळे रक्त नळीत घट्ट होत नाही. प्रयोगशाळेत ती नळी यंत्रात गरगर फिरवली. तांबड्या पेशी खाली बसल्या आणि वर पिवळसर पाणी राहिले. या पाण्यात ठरावीक औषधे घालून ते किती वेळात घट्ट होते, हे मोजतात. निरोगी माणसाचे पाणी साधारण अर्ध्या मिनिटात घट्ट होते. या मुलाचे फार उशिरा झाले.

पुढच्या तपासणीत कारण सापडले. मुलाला हिमोफिलिया हा रोग होता.

घागरींची रांग

डॉक्टरीणबाईंनी घरच्या माणसांना समजावून सांगितले.

"दादा, गावात गंजीला आग लागली तर तुम्ही काय करता?"

बाप म्हणाला, "विहिरीपासून गंजीपर्यंत माणसं रांगेनं उभी राहतात. हातोहात घागरी देतात."

"आणि मधला एक माणूस निघून गेला तर?"

"तर घागर तिथंच अडते."

"रक्ताचंही तसंच आहे. शीर फुटली की ती आधी आकसते. रक्तातल्या बारीक प्लेटलेट तिथं गोळा होऊन भोकाला बूच मारतात. पण ते बूच कच्चं असतं. ते पक्कं करायला रक्तात फॅक्टर नावाचे घटक आहेत. त्यांना क्रमांक दिलेले आहेत. ते रांगेतल्या माणसांसारखे एकामागून एक कामाला लागतात. शेवटी बारीक धाग्यांची जाळी विणली जाते आणि भोक बंद होतं. तुमच्या बाळाच्या रक्तात आठव्या क्रमांकाचा फॅक्टर जवळजवळ नाही. निरोगी माणसाजवळ तो रुपयाभर असेल, तर याच्याजवळ एक पैसाही नाही. म्हणून घागर मध्येच अडते."

कोणाला आठवा फॅक्टर कमी असतो. तो हिमोफिलिया 'ए'. कोणाला नववा कमी असतो. तो हिमोफिलिया 'बी'. 'ए' जास्त आढळतो. जन्मणाऱ्या साधारण 5000 मुलग्यांत एकाला तो असतो.

या रोगात लहानशा ओरखड्याने माणूस मरत नाही. खरे भय आतल्या रक्तस्रावाचे असते. गुडघा, घोटा, कोपर यांच्या सांध्यात रक्त उतरते. पुन्हा पुन्हा उतरले तर सांधा कायमचा आखडतो. डोक्यात रक्त उतरले तर जिवावर बेतते.

दोष कोणाचा?

सासूने पुन्हा विचारले, "पण हे आमच्याच घरात का आलं?"

बाई म्हणाल्या, "आजी, हा रोग इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या घरातही होता. तिच्या लिओपोल्ड नावाच्या मुलाला तो होता. 1884 साली तो पडला आणि वयाच्या तिसाव्या वर्षी वारला. राणीच्या मुली आणि नाती रशिया, स्पेन अशा देशांच्या राजघराण्यांत गेल्या. तिथल्या राजपुत्रांनाही हा रोग झाला. रशियाच्या बादशहाचा एकुलता एक मुलगा याच रोगानं आजारी होता. एवढे मोठे राजे, पण त्यांच्या काळी यावर औषध नव्हतं."

मग त्यांनी कागदावर रेघा काढून दाखवल्या. आपल्या शरीराची घडण ठरवणारी बारीक सूत्रे असतात. त्यांतले 'एक्स' नावाचे सूत्र बाईमध्ये दोन आणि पुरुषात एक असते. आईच्या दोनपैकी एक सूत्र बिघडलेले असले तरी दुसरे काम सांभाळते. म्हणून तिला सहसा मोठा त्रास होत नाही. मुलाला आईकडून एकच 'एक्स' मिळते. चांगले मिळाले तर मुलगा निरोगी. बिघडलेले मिळाले तर त्याला रोग. प्रत्येक मुलाच्या वेळी जणू नाणे उडवावे, छापा पडेल की काटा, तसे हे आहे. ते कोणाच्या हातात नाही.

"आणि असंही आहे, की तीन रोग्यांतल्या साधारण एकाच्या घरात हा रोग पूर्वी कुणालाच नसतो. तो नव्यानंच येतो. आता सांगा आजी, सुनेचा यात काय दोष?"

सासू काही बोलली नाही. पण परत जाताना एस.टी.त तिने नातवाला आपल्या मांडीवर घेतले आणि सुनेला म्हणाली, "तू जरा डोळं मीट. रात्रभर जागली हायेस."

उपचार

डॉक्टरीणबाईंनी मुलाला आठव्या फॅक्टरचे इंजेक्शन शिरेतून दिले. गुडघ्याला आराम दिला, बर्फाने शेकले, पाय उशीवर उंच ठेवला. काही दिवसांत सूज उतरली. नंतर पायाचे हलके व्यायाम शिकवले.

हे औषध पूर्वी नव्हते. 1964 साली अमेरिकेत ज्युडिथ पूल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी एक सोपी युक्ती शोधली. गोठवलेले रक्तद्रव्य हळूहळू वितळवले, की तळाशी जो साका राहतो त्यात आठवा फॅक्टर भरपूर असतो, हे त्यांनी दाखवले. त्यामुळे हजारो मुले वाचली. आता शुद्ध केलेला फॅक्टर बाटलीत मिळतो. पण शिरेतून दिलेला आठवा फॅक्टर अर्ध्या दिवसात निम्मा संपतो. म्हणून पुष्कळ रोग्यांना तो आठवड्यातून दोनतीनदा घ्यावा लागतो. अलीकडे कातडीखाली टोचायचे नवे औषधही निघाले आहे.

ही औषधे महाग आहेत. पण अनेक सरकारी रुग्णालयांत फॅक्टर मोफत देतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. 2016 च्या अपंग हक्क कायद्यातही हिमोफिलियाचा समावेश आहे. त्यामुळे ठरलेल्या नियमांनुसार दाखला मिळू शकतो.

दुसरी बाजू: नको तेथे गुठळी

याच डॉक्टरांकडे उलट त्रासाचे रोगीही येतात. त्यांच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. एकच पाय सुजतो आणि दुखतो. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर एकाएकी धाप लागते. मोठे ऑपरेशन, बाळंतपण किंवा फार दिवस अंथरुणाला खिळणे, यानंतर हे होऊ शकते. अशा रोग्यांना रक्त पातळ ठेवणारे औषध देतात.

या औषधाचा शोध गुरांमुळे लागला. 1920 नंतर अमेरिका व कॅनडात गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंग कापले तरी रक्त थांबेना. गुरांनी बुरशी आलेले, ओलसर गवत खाल्ले होते. 1933 साली एक शेतकरी मेलेली कालवड, ते गवत आणि दुधाच्या कॅनमध्ये न साकळलेले रक्त घेऊन, बर्फाच्या वादळातून विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात गेला. तेथे कार्ल लिंक या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी सहा वर्षे खपून गवतातले विष शोधले. त्यावरून वॉरफरिन तयार झाले. ते 1948 साली उंदीर मारायला वापरले आणि 1954 पासून माणसांना औषध म्हणून देऊ लागले.

जे उंदराला विष, तेच माणसाला औषध! मात्र मात्रा मोजूनमापून हवी. कमी झाली तर गुठळी होते, जास्त झाली तर रक्त वाहते. म्हणून वॉरफरिन घेणाऱ्याने डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासून घ्यावे. गोळी मनाने बंद करू नये. मेथी, पालक अशा पालेभाज्या एकदम वाढवू नयेत आणि एकदम सोडूही नयेत.

आईची वही

पुण्याहून निघताना डॉक्टरीणबाईंनी आईला एक कार्ड दिले आणि म्हणाल्या, "प्रत्येक वेळी तारीख, कुठं सूज आली आणि किती औषध दिलं, हे लिहून ठेवा."

आईला लिहिता येत नव्हते. तिने मान खाली घातली. गावी आल्यावर ती रात्रीच्या वर्गाला जाऊ लागली. पहिल्यांदा तिने अंक शिकले, मग मुलाचे नाव, मग 'गुडघा', 'कोपर', 'घोटा'. चार महिन्यांनी तिची स्वतःची वही सुरू झाली.

एकदा मुलाला ताप आला. दवाखान्यात नवा माणूस होता. तो कमरेत सुई द्यायला निघाला. आईने त्याचा हात थांबवला, कार्ड काढले आणि अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचले, "स्नायूत सुई देऊ नये. ॲस्पिरिन देऊ नये." त्या माणसाने सुई खाली ठेवली. त्याने डॉक्टरांना विचारून पोटात घ्यायचे तापाचे औषध दिले.

मुलगा आता शाळेत जातो. गुरुजींना त्याचा रोग माहीत आहे. जिल्ह्याच्या रुग्णालयात त्याला ठरलेल्या दिवशी औषध मिळते. आणि वहीत लाल शाईने लिहिण्यासारखे दिवस आता फार कमी येतात.

हे लक्षात ठेवा

1. मुलाच्या अंगावर वारंवार काळेनिळे डाग उठत असतील, सांधा सुजत असेल किंवा रक्त लवकर थांबत नसेल, तर रक्त तपासून घ्या.
2. सुजलेला सांधा चोळू नका. आराम द्या, बर्फाने शेका, उंच ठेवा आणि दवाखान्यात न्या.
3. हिमोफिलियाच्या रोग्याच्या डोक्याला मार लागला, तर काही दिसो वा न दिसो, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या.
4. त्याला ॲस्पिरिन देऊ नका. दात काढण्यापूर्वी किंवा ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना रोग सांगा.
5. हा रोग शिवल्याने होत नाही. हा शाप नाही. यात आईचा दोष नाही.

प्रश्न

1. रक्त थांबण्याला घागरींच्या रांगेची उपमा का दिली आहे?
2. डॉक्टरीणबाईंनी आईच्या भावाबद्दल का विचारले?
3. बुरशी आलेल्या गवतापासून कोणते औषध निघाले?
4. आईला वाचता येत नसते तर दवाखान्यात काय झाले असते?
5. तुमच्या घरातल्या माणसांचे आजार आणि औषधे एका कागदावर लिहून काढा.