'नॉर्मल' आलं म्हणून बंद केलेली गोळी

गोळी बंद करायला अण्णांकडे चांगलं कारण होतं. बीपी नॉर्मल आलं होतं.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात हयातभर गणित शिकवलेले, अंगाने सडसडीत, तंबाखू-सुपारीला कधी न शिवलेले, रोज पहाटे फिरायला जाणारे. अशा माणसाला बीपी असू शकतं हे त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं. अ‍ॅम्लोडिपिनची गोळी सुरू झाली, आकडा खाली आला आणि घोट्यांवर थोडी सूज चढली. पारावरच्या मित्रांनी लगेच सल्ला दिला, "गोळीची सवय लागते मास्तर. नॉर्मल आहे ना, मग कशाला घेताय?" अण्णांना हिशेब बरोबर वाटला. गोळी थांबली, सूज उतरली आणि पुढे कित्येक महिने काही म्हणता काही झालं नाही. बीपी वाढलं तर डोकं दुखेल, गरगरेल, तेव्हा बघू, असं ते धरून चालले होते. बहुतेकांना तसं काहीच होत नाही.

मग एका सकाळी शर्टाची बटणं लागेनात. उजव्या हाताची बोटं ऐकेनात, जीभ जड झाली. घरच्यांना वाटलं पित्त खवळलंय. "जरा पडा, बरं वाटेल," म्हणून त्यांना झोपवलं. दुपारी तोंड वाकडं दिसलं तेव्हा कुठे गाडी काढली गेली. तो पक्षाघात होता. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं नेहमीचं इंजेक्शन पहिलं लक्षण दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते तास घरीच गेले. अण्णा आज चालतात, बोलतात; पण बँकेतल्या जुन्या सहीशी त्यांची सही जुळत नाही. पेन्शन काढताना अंगठा लावावा लागतो, आणि हयातभर फळ्यावर लिहिलेल्या माणसाला त्याचाच संताप सर्वांत जास्त येतो.

बीपीकडे दुर्लक्ष काही फक्त गावाकडच्या मास्तरांचंच होतं असं नाही. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या हाताशी तर सारं सरकार होतं. मार्च 1944 मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासलं तेव्हा रक्तदाब 186/108 भरला. आकडा त्याआधी कित्येक वर्षं चढत होता, पण त्यांचे नेहमीचे डॉक्टर होते कान-नाक-घशाचे, आणि ते जगाला प्रकृती उत्तम असल्याचंच सांगत राहिले. 12 एप्रिल 1945 रोजी डोक्यात भयंकर कळ उठली आणि काही तासांत, वयाच्या 63 व्या वर्षी, रूझवेल्ट गेले. त्या दिवशीचा आकडा होता 300/190. डॉक्टरांना तरी किती बोल लावायचा? वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, असं तेव्हा अनेक जाणकारही मानत, आणि धड औषधही नव्हतं.

चित्र पालटलं ते लगेचच पुढच्या काळात. 1948 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावात 5,209 माणसांचा अभ्यास सुरू झाला; वर्षानुवर्षं त्यांच्यावर नजर ठेवल्यावर उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांचं नातं निर्विवाद दिसलं. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि आपल्याकडची ही मुळी जगभरच्या डॉक्टरांच्या हाती गेली. त्यासाठी 1957 मध्ये त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. आज सर्पगंधेहून सौम्य गोळ्या तालुक्याच्या गावीही स्वस्तात मिळतात. तरी त्या अर्ध्यावर सोडल्या जातात, हे मात्र खरोखर उद्वेगजनक आहे.

नॉर्मल आकडा हा गोळीचा परिणाम असतो. गोळी थांबली की आकडा बहुधा पुन्हा चढतो. तिला 'सवय' म्हणणं म्हणजे चष्म्याला सवय म्हणण्यासारखं. घोट्यांची सूज त्या औषधाने येऊ शकते, पण तेवढं डॉक्टरांना सांगितलं असतं तर गोळी बदलून मिळाली असती. वजन आणि मीठ कमी करून गोळ्या कमी होतातही, पण त्या डॉक्टरांनी कमी करायच्या, पाराने नव्हे.

हल्ली अण्णांच्या ओट्यावर बीपीचं मशीन असतं आणि गल्लीतली माणसं मोजून घ्यायला येतात. मास्तरकी अजून शाबूत आहे. आल्या आल्या मोजत नाहीत. आधी लघवीला जाऊन यायचं, मग पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसायचं. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीला. मोजताना कोणी सुनेची तक्रार सुरू केली तर "तोंड बंद!" म्हणतात. ते बरोबरच आहे. बोलण्याने आकडा चढतो. मिनिटभराने पुन्हा मोजून दोन्ही आकडे वहीत जातात.

मिठाचा प्रश्न जास्त अवघड. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा, म्हणजे साधारण एक सपाट चमचा, आणि त्यात भाजी-आमटीपासून सगळं आलं. ठेचा, लोणचं, पापड, फरसाण, ताकात वरून घातलेली चिमूट मोजली की हिशेब कोलमडतो. सैंधव घेतल्याने सुटका नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. चीनच्या 600 खेड्यांतल्या सुमारे 21,000 लोकांवर झालेला अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही गावांना एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं, तेव्हा पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी घटलं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं घेणाऱ्यांनी मात्र असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पक्षाघाताचा संशय आला तर माणसाला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. तोंड एका बाजूला ओढलं, हात खाली आला किंवा शब्द अडखळले तर खायला-प्यायला काही न देता 108 ला फोन लावा आणि लक्षण किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवा.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या 24 टक्के पुरुषांना आणि 21 टक्के स्त्रियांना वाढलेला रक्तदाब आढळला किंवा त्यावरची औषधं सुरू होती. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या लोकांची ही तपासणी मोफत होते. घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला, काही त्रास नसला तरी, या आठवड्यात तिथे घेऊन जा.