परवान्यातील शर्ती

मु. भोर

चि. बाळ यास,

वेल्ह्याहून धाडलेले तुझे पत्र पोहोचले. संगणकाची कार्यप्रणाली स्वतः रचण्याचा तुझा संकल्प स्तुत्य आहे. परंतु त्यासाठी एका कंपनीने विद्यार्थ्यांस विनामूल्य दिलेला कंपायलर घेतलास आणि करारनामा न वाचताच 'मान्य आहे'वर बोट ठेवलेस, असे जे सहज लिहून गेलास, त्याविषयी लिहिणे प्राप्त आहे.

कचेरीत पुनर्वसनाच्या जमिनींचे सातबारे मी पुष्कळ हाताळले. 'भोगवटादार वर्ग 2' असा शेरा असलेली जमीन कसण्यास कोणाची हरकत नसते, पीकही घरात येते. मात्र विकावयाची म्हटली की जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून दस्त होत नाही. तुझा कंपायलर या वर्गातला दिसतो.

लिनक्स ही कार्यप्रणाली रचणाऱ्या मंडळींनाही फुकट साधनातल्या शर्ती भोगाव्या लागल्या. 2002 पासून ती संहितेतील बदलांची नोंद ठेवणारे बिटकीपर हे साधन फुकट वापरीत होती, आणि फुकट वापरणाराने त्याच्या तोडीचे दुसरे साधन रचू नये, ही त्यातली शर्त होती. एका जाणकाराने त्याची अंतर्गत रीत उलगडू पाहिल्याचे निमित्त होऊन 2005 मध्ये मालकाने सवलत काढून घेतली, तेव्हा लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याला हातचे काम टाकून त्याच्या जागी गिट हे साधन लिहिणे भाग पडले. याच गृहस्थाने 1991 मध्ये आपल्या कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, प्रथम जो परवाना जोडला, त्यात नकलेचा हाताळणीखर्च घेण्याचीही मनाई होती, ही मौज ध्यानात ठेव. पुढील वर्षी त्याने ती अट सोडून मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कर्ता स्टॉलमन याचा जीपीएल परवाना स्वीकारला.

स्टॉलमनचाच जीसीसी कंपायलर 1987 पासून उपलब्ध आहे. टोरवाल्ड्सने कर्नल त्यावरच बांधला. शर्ती त्यालाही आहेत. जीसीसीत फेरफार करून तो दुसऱ्यास दिलास, तर मूळ संहिताही द्यावी लागते. परंतु त्याने बांधलेल्या तुझ्या प्रणालीवर त्याचा हक्क पोहोचत नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियनच्या पायावर 'बॉस' ही प्रणाली उभारली, ती असल्याच परवान्यांच्या बळावर. कोणाकडे अर्ज करावा लागला नाही.

तेव्हा आजवरचे काम जीसीसीवर उतरवून पाहा, आणि जेथे अडेल तेथे त्या कंपनीचे कोणते खास शब्द तुझ्या संहितेत शिरले आहेत ते शोधून काढ. शिवाय तो करारनामा छापून टपालाने पाठव. इंग्रजी कायद्याचा मजकूर वाचण्याची मला सवय आहे, आणि दुपारी वेळही असतो.

तुझा मामा