गाडी चार्ज केली, पाणी विसरलो

नागपूर ते रामटेक सुमारे 50 किलोमीटर. एप्रिलमध्ये आम्ही मैत्रिणी बॅटरीच्या स्कूटरने गेलो. तिथे गाड्या चार्जिंगला लावल्या. स्वतः मात्र चहावरच भागवलं. गाडीवर वारा लागतो, घाम लगेच सुकतो, म्हणून अंगातलं पाणी कमी झालेलं कळत नाही. परतताना एका ताईंना भोवळ आली. सावलीत निजवून, जवळच्या घरून साखर-मिठाचं पाणी आणून पाजलं, तेव्हा त्या सावरल्या.

म्हणून पहाटेच निघा. दर तासाला थांबून पाणी प्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून सोबत ठेवा. कुणी बरळू लागलं किंवा बेशुद्ध पडलं, तर तोंडात पाणी ओतू नका. अंग ओलं करा, वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा.